तिसरी पायरी

"ऐक हं मावशी, लाकूड," म्हणत भाचीने फोन भिंतीजवळ नेला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. मला ऐकू आलं ते नुसतं ठप्. गादीवर चापट मारावी तसं. तिच्याकडे सकाळचे आठ वाजले होते, इकडे जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. फडकं हातातच राहिलं. "पुन्हा कर बघू." पुन्हा ठप्. मग तिने फोन फिरवून खोली दाखवली. पांढरी भिंत, पांढरं छत, खिडकीबाहेर काळपट हिरवी उंच झाडं आणि त्यांच्यावर टेकलेलं आभाळ, टेबलावर मी दिलेला चकल्यांचा डबा, बहुधा रिकामा. "यात लाकूड कुठाय गं?" "आत." "आत म्हणजे?" "हा कोपरा पुढे आलाय ना, तो खांब आहे. त्याच्या आत लाकूड. वर छताच्या आत लाकूड. आमचं अख्खं होस्टेल लाकडाचं आहे, अठरा मजली." मी हसले. हसायला नको होतं. व्हँकुव्हरला जाऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि तिथली कौतुकाने दाखवावी अशी पहिलीच गोष्ट मी हसण्यावारी नेली. "बरं, नंतर बोलू," म्हणून तिने फोन ठेवला. मी आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर उगाच टकटक करून पाहिली. फ्लश डोअर ते. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखं वाजलं.

तो ठप् मात्र डोक्यातून जाईना.

कारण माझी शाळा लाकडाची होती. अर्थात 'लाकडाची शाळा' असं आम्ही कधी म्हटलं नाही, शाळा वाड्यात भरायची एवढंच. पेठेतला दोन चौकी वाडा, रस्त्याच्या अंगाला विटांची भिंत आणि दिंडी दरवाजा, आत शिरलं की सगळं सागवान. दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर वीतभर माती, की झाली वरच्या वर्गाची जमीन. खालच्या वर्गातून वर पाहिलं की दिसायचं ते कडीपाटाचं छत. वर्षानुवर्षांच्या तेलपाण्याने आणि धुराने ते चिंचेच्या गोळ्यासारखं काळं झालेलं. आमच्या डोक्यावर सातवी ब. त्यांचा तास संपून सगळे एकदम उठले की फळ्यांच्या फटींतून बारीक माती झरायची, कवडशात ती सोन्यासारखी दिसायची आणि वहीवर पडली की राखेसारखी. शाईच्या पेनाने लिहिलेल्या ओळीवर ती पडली तर टिपकागद लागायचा नाही, हा आमच्या बाकाने लावलेला शोध. बाईंच्या अंबाड्यावर पडली तर त्या छत्रीच्या टोकाने छत दोनदा ठोकायच्या, आणि वरून कुणीतरी दोनदा पाय आपटून उत्तर द्यायचं. मग बाई छत्री घेऊनच जिन्याकडे निघायच्या. आम्ही श्वास रोखून जिना ऐकत बसायचो.

जिना ऐकणं हा त्या शाळेतला खरा अभ्यास होता. अंधारा, उभट, एका वेळी एकच माणूस चढेल असा तो जिना, वरून दोर सोडलेला, आणि पायऱ्या मधोमध झिजून द्रोणासारख्या झालेल्या. तिसरी पायरी करकरायची. सगळ्यांखाली करकरायची, पण प्रत्येकाखाली वेगळी. हेडसर त्या पायरीवर क्षणभर थांबून धोतराचा सोगा सावरत, म्हणून करकर लांबायची. चित्रकलेचे सर ती पायरी गाळूनच वर जात. दुसरीनंतर एकदम चौथी वाजली की आम्ही रंगपेट्या काढायचो. शिपाईमामांच्या पायाबरोबर घंटेचा टोल हलकासा किणकिणायचा. अनोळखी पाऊल आलं की इन्स्पेक्टर, आणि मग अख्ख्या वाड्यात अशी शांतता पसरायची की चौकातल्या हौदावर कबुतराने पंख झटकलेले ऐकू यावेत. इतक्या वर्षांनी मला त्या शाळेत शिकलेलं भूमितीचं एकही प्रमेय धड आठवत नाही, पण हेडसरांची करकर आत्ता, लिहिता लिहिता, मानेच्या मागे ऐकू येते आहे.

खरं सांगायचं तर ती शाळा काही फार चांगली इमारत नव्हती. दुपारी तीननंतर मधल्या वर्गांत फळा दिसायचा नाही. जूनमध्ये शाळा उघडली की लाकूड ओल पिऊन फुगलेलं असायचं, वर्गाचं दार खांदा लावून ढकलावं लागे आणि त्या सबंध महिन्यात वर्गाला ओल्या पोत्याचा वास येई. बाकांची कुसळं पोटऱ्यांत घुसत. एकदा शिपाईमामांचा स्टो जिन्याखाली भडकला. चहा ठेवला होता, पंप जास्त मारला असेल. ज्वाळा पायऱ्यांच्या खालच्या बाजूला लागून परत आली, मामांनी ओलं पोतं टाकलं आणि दोन मिनिटांत सगळं निवलं. आम्हा मुलांना मजा वाटली. त्या दिवशी वर किमान दीडशे मुलं होती आणि उतरायला तो एकच जिना होता, हे मला चाळिशीनंतर, माझ्या मुलाच्या शाळेत आग विझवायचं प्रात्यक्षिक बघताना अचानक लक्षात आलं. मी तिथेच खुर्चीवर बसले. शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं ऊन लागलं.

दोन दिवसांनी भाचीने रुसवा सोडून एक मोठा लेख पाठवला. खाली लिहिलं होतं, 'वाच आणि मग हस.' मी वाचला. ती राहते ती ब्रॉक कॉमन्स टॉलवूड हाउस ही इमारत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांना राहायला उघडली. अठरा मजले, ५३ मीटर उंची, चारशेच्या वर मुलं, आणि तेव्हा लाकडाच्या इमारतींत जगात सर्वांत उंच. तळमजला काँक्रीटचा, जिने आणि लिफ्ट ज्यांत आहेत ते दोन उभे गाभे काँक्रीटचे, बाकी वरचे सतरा मजले लाकडावर. या लाकडाला आपल्यासारखा एक अखंड ओंडका लागत नाही. फळ्यांचा एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, पुन्हा आडवा, असे थर चिकटवून भलेमोठे तक्ते करतात. प्लायवूडचा थोरला भाऊ म्हणा. हे तंत्र १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीकडे वाढलं. खांबही असेच पट्ट्या चिकटवून केलेले. सगळे भाग कारखान्यात मिलिमीटरच्या हिशेबाने कापून, भोकं पाडून, क्रमांक घालून आणले आणि लाकडाचा सांगाडा सत्तर दिवसांच्या आत उभा केला. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग याहून जास्त दिवस चाललं होतं, ते असो.

त्या लेखात एक आराखडा होता, आणि त्यावर माझी नजर अडकली. खांबांची जाळी: एकीकडे चार मीटर, दुसरीकडे दोन मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर, सबंध मजलाभर तीच. खांबांच्या डोक्यावर थेट तक्ता, मध्ये तुळई नाही. भिंती नुसत्या आडोशाला. मी तो आराखडा बराच वेळ पाहत बसले, कारण हे मला माहीत होतं. वाड्यातली खोली लांबी-रुंदीने कुणी सांगत नसे. "दोन खणी खोली आहे," "माजघर पाच खणी," असं सांगत. दोन तुळयांमधलं अंतर तो खण, आणि लाकूड जेवढं पेलेल तेवढंच ते अंतर. वर्ग, देवघर, कोठी, सगळं त्या मापाच्या पटीत. भाचीची खोली म्हणजे एक खण आणि थोडं. आणखी एक गोष्ट मला आवडली, तो काँक्रीटचा तळमजला. लाकडाचा पाय जमिनीच्या ओलीत जाऊ द्यायचा नाही म्हणून वाड्याचा प्रत्येक खांब दगडी उथळ्यावर उभा असतो. इथे सगळ्या खांबांना मिळून एकच उथळा केला आहे, माणूस राहू-वावरू शकेल एवढा मोठा. हे मी भाचीला कळवलं. तिने अंगठा पाठवला. अंगठ्यातून राग गेला का राहिला हे कळत नाही, हा या पिढीशी बोलताना नेहमीचा पेच.

आणि पांढऱ्या भिंतीचं उत्तरही त्याच लेखात होतं. तिथल्या बांधकाम नियमांत त्या वेळी लाकडाची इमारत सहा मजल्यांपर्यंतच चालत असे. अठरा मजल्यांसाठी या एका जागेपुरती खास परवानगी काढावी लागली, आणि ती मिळावी म्हणून प्रत्येक खांब आणि प्रत्येक छत जिप्समच्या बोर्डांच्या थरांत गुंडाळून टाकलं. ऑफिसांतल्या फॉल्स सीलिंगला असतात तसलेच ते बोर्ड, फक्त आगीसाठी केलेले. गंमत अशी की जाड लाकूड आगीत वाटतं तेवढं दगा देत नाही. वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाची ढाल होतो. मिनिटाला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळत आत जातं, म्हणजे तासाला साधारण चार सेंटिमीटर. हे हिशेबात धरून खांब मुद्दाम जाड ठेवून उघडेही सोडता येतात, आणि इतरत्र सोडतातही. पण परवानगी देणाऱ्याचं मन कोळशाच्या थरावर बसत नाही, ते बोर्डावर बसतं. मी त्या अधिकाऱ्यांना नावं ठेवणार नाही. जिन्याखालचा स्टो मी पाहिला आहे. तरीही लाकडात राहायचं आणि लाकूड कधी दिसायचं नाही, वाजायचं नाही, हाताला लागायचं नाही, हे मला विचित्र वाटलं. अठराव्या मजल्यावर बसायची सामायिक खोली आहे, तिथे मात्र खांब आणि छत उघडं ठेवलंय. भाची म्हणते मुलं परीक्षेच्या दिवसांत तिथेच जाऊन बसतात. का, ते तिला विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही. बरं वाटतं."

आमच्याकडे कपाटाच्या बिजागऱ्या बसवायला सुतारकाका आले होते. त्यांचे वडील वाड्यांची कामं करत, हेही तेच करत वाढले, आता मॉड्युलर किचनची करतात. त्यांना मी फोनवर इमारतीचं बांधकाम चालू असतानाचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते मोठं करून पाहिलं. "पाइन हाय हे. पॅकिंगचं लाकूड." म्हणजे आपल्याकडे मशिनच्या पेट्यांना येतं ते. "ह्याचे अठरा माळे?" मग बराच वेळ गप्प राहून, "वाळवीला विचारलंय का?" मी सांगितलं की सिंगापूरच्या दमट हवेतसुद्धा नान्यांग विद्यापीठाने २०२३ मध्ये असल्याच, युरोपातून आणलेल्या लाकडाची मोठी इमारत केली आहे, ४३,५०० चौरस मीटरची, वर्ग आणि ऑफिसं सगळी तिच्यात. त्यांनी मान हलवली, पटल्याची की सोडून दिल्याची ते कळलं नाही. "सांधा कसा हाय, ते दाखवा." सांध्याचं चित्र शोधलं. खांबाच्या खालीवर पोलादी तुकडा, वरचा खांब खालच्यावर थेट बसतो, भार खांबातून खांबात. "हे बरोबर हाय," काका पहिल्यांदाच खुशीत म्हणाले. "तक्त्यावर खांब ठेवला असता तर तक्ता चेपला असता. लाकूड आडवं चेपतं, उभं चेपत न्हाई." मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं की त्यांचे वडील एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत कशी बसवत, आडवी लाकडी खुंटी कशी मारत, आणि वाडा उतरवताना ती खुंटी मागे ठोकली की शंभर वर्षांचा सांधा कसा सुटा होत असे. "ख‌िळा न्हाई. म्हणून तर जुन्या मालाला भाव."

जुन्या मालाला भाव. आमच्या शाळेचाही आला.

मी तिथून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी शाळा नव्या इमारतीत गेली, ट्यूबलाइट, मोज़ेक, दोन रुंद जिने, आणि वाडा मालकांनी उतरवायला दिला. मी तेव्हा नोकरीवर जाता-येता ते पाहत होते. पाडणं हा शब्दच तिथे चुकीचा होता. विटा आणि माती पाडत होते, लाकूड मात्र उतरवून घेत होते, पोराला झोळीतून उचलावं तसं. खांब, तुळया, कड्या चौकात वेगवेगळ्या रचलेल्या, खडूने आकडे घातलेले, आणि एक माणूस टेप लावून घनफूट काढत होता. मी आत जाऊन जिन्याच्या पायऱ्या दिसतात का पाहिलं. त्या आधीच गेल्या होत्या. "झिजलेलं जळणात जातं," तो माणूस म्हणाला, "पण खांब बघा ना बाई, कापला तर आतून लोण्यासारखा." आमचे खांब आज कुठे असतील? कोकणातल्या एखाद्या रिसॉर्टच्या व्हरांड्यात असतील, कुणाच्या फार्महाउसचा झोपाळा पेलत असतील. एखाद्यावर करकटकाने कोरलेलं माझं आद्याक्षर असेल आणि त्याला पॉलिश मारून कुणी 'अँटिक' म्हणत असेल. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. काँक्रीटच्या शाळा पाडतात तेव्हा त्यांचा राडारोडा नदीकाठी जाऊन पडतो, इतकंच मनात आलं.

त्या ठप्‌चा पिच्छा पुरवत मी एका रविवारी सकाळी, बाजीराव रस्त्यावर वाहनं वाढायच्या आत, विश्रामबाग वाड्यासमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यभर बसमधून पाहिलेला वाडा. आपण पुणेकर त्याला पाहतो ते तिथून कुणीकडे वळायचं हे ठरवण्यापुरतं. दर्शनी भागावरचे ते सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले खांब, केळफुलाची नक्षी, पुढे आलेली मेघडंबरी. १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधलेली ही वास्तू त्याच्या ताब्यातून गेली आणि चारच वर्षांत तिथे शाळा भरली: ६ ऑक्टोबर १८२१, कंपनी सरकारची संस्कृत पाठशाळा, पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या पैशांतून चालवलेली. तीच वाढत-बदलत पुढे डेक्कन कॉलेज झाली आणि १८६८ मध्ये येरवड्याला आपल्या दगडी इमारतीत गेली. म्हणजे पश्चिम भारतातल्या एका फार जुन्या विद्यासंस्थेची पहिली साडेचार दशकं कडीपाटाखाली गेली असणार. मी फुटपाथवर उभी राहून विचार करत होते की न्यायशास्त्राचं, व्याकरणाचं पाठांतर चाललेलं असताना वरून माती पडत असेल का. शास्त्रीबुवा काय करत असतील? छत्री तर नसेल.

आणि मग त्या खांबांकडे बघताना जरा अवघडल्यासारखंही झालं. ते पाठांतर करायला आत येणारी मुलं ब्राह्मणांचीच होती, बाकीच्यांना त्या सुरूच्या खांबांची बाहेरची बाजूच दिसली. तिथून पायी दहा मिनिटांवर भिडेवाडा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती त्यातल्या दोन-चार खणांत. तिथेही तेच: लाकडी खांब, लाकडी जिना, माडी. नक्षी नसेल एवढंच. लाकडाला आपल्याखाली कोण बसतं ते कळत नाही. विश्रामबाग जपला गेला, आणि भिडेवाडा दुकानांच्या पाट्यांमागे वाकत वाकत, कोर्टकज्ज्यांत अडकून, पार खंगून गेला. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला. मी पूर्वी दगडूशेठला जाताना समोरच्या त्या वाकलेल्या माडीकडे पाहून हटकून मान खाली घालायची. त्या जिन्याची तिसरी पायरी कशी वाजत असेल, चढणाऱ्या पहिल्या मुलीचं पाऊल ऐकून खाली रस्त्यावर कोण कोण मान वर करत असेल, असं काहीबाही त्या रविवारी डोक्यात येत राहिलं. स्मारक होईल. ते बहुधा काँक्रीटचं असेल.

विश्रामबागच्या खांबाला मी हात लावला. टकटक करण्यासाठी बोट उचललं तेवढ्यात आतून रखवालदार म्हणाला, "काय पायजे?" मी म्हटलं, "काही नाही, वाजवून बघत होते." "वाजवायचं नसतं ताई, हेरिटेज आहे." मी हात काढून घेतला. त्याचंही चूक नाही. याच वाड्याने १८७९ च्या मे महिन्यातली आग सोसली आहे. त्याच सुमारास बुधवार वाडा तर पार जळून गेला, त्यातला सरकारी बुक डेपो आणि नगर वाचन मंदिराचं मूळ ग्रंथालयही. लोकांना आधी वाटलं वासुदेव बळवंतांच्या माणसांनी लावली, पण पुढे खटला भरला तो सरकारी नोकरावर. लाकडाचं छत, खाली कागदांचे गठ्ठे, आणि कुणाचीतरी काडी. शनिवारवाड्याचं तर सांगायलाच नको, आपल्या शहराला लाकूड म्हटलं की आधी आग आठवते, आणि मी इतकी वर्षं भाबडेपणाने फक्त वास आणि आवाज आठवत आले. त्या कॅनडातल्या अधिकाऱ्याने माझ्या भाचीचा खांब बोर्डांत गुंडाळला म्हणून मी कुरकुरत होते. दीडशे मुलं आणि एक जिना.

पुढच्या फोनला भाचीने विद्यापीठातलाच दुसरा जिना दाखवला. तिचे तास भूशास्त्राच्या इमारतीत असतात, २०१२ ची, पाच मजली, तीही बरीचशी लाकडाची, आणि तिथे लाकूड लपवलेलं नाही. मधल्या उंच मोकळ्या जागेत घडी घातलेल्या कागदासारखा एक जिना वर वर गेला आहे, खालून खांब नाही, टेकू नाही, सांधे सगळे आत लपवलेले. फोनमध्येही तो सुंदर दिसत होता, मधाच्या रंगाचा. "चढ बघू," मी म्हटलं. ती चढली. पाच मजले. मी कान देऊन ऐकत होते. तिचा श्वास ऐकू आला, कुणाचं तरी हसणं, कॉफी मशिनचा फुत्कार. पाऊल एकही नाही. "वाजत नाही गं." "वाजायला कशाला पाहिजे?" ती वर पोचून धापा टाकत म्हणाली, "वाजला तर बिघडलाय असं समजून दुरुस्त करतील." ते खरंच होतं. तिच्या इमारतीच्या तक्त्यांत म्हणे ओल मोजणारी यंत्रंही बसवलेली आहेत, लाकूड किती सुकतं, किती बसतं, याचा अभ्यास करायला. तिथे लाकूड काय म्हणतं ते आकड्यांत कळतं. आमच्याकडे ते बाईंच्या अंबाड्यावर पडायचं.

गेल्या महिन्यात आत्याचा निरोप आला. नारायण पेठेतल्या त्यांच्या वाड्याचा करारनामा झाला, सगळे भाडेकरू तयार, दिवाळीनंतर जागा रिकामी करायची. आत्या पंच्याऐंशीच्या आहेत आणि त्यांना लिफ्टची फार ओढ आहे. "मला या जिन्याने मारलंय गं," असं गुडघ्यावर हात ठेवून सांगतात. तिथे माझ्या आठवणींना काही किंमत नाही आणि असूही नये. मी त्यांची भांडी खोक्यांत भरायला गेले होते. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या तेव्हा मी फोन रेकॉर्डिंगला लावून जिन्याच्या कठड्याच्या बुंध्याशी ठेवला आणि चप्पल काढून वर चढले. इथे तिसरी नाही, सहावी पायरी करकरते, आणि नववी नुसती श्वास सोडल्यासारखी हुंकारते. वर जाऊन थांबले, खाली आले. मग पुन्हा एकदा, हेडसरांसारखी मध्ये थांबून, नसलेला सोगा सावरत. आतून आत्यांनी विचारलं, "कोण आलंय?" "मीच आहे, झोपा."

ते रेकॉर्डिंग मी भाचीला पाठवलं. काही लिहिलं नाही. तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र असणार. सकाळी उठून पाहिलं तर तिचं उत्तर येऊन पडलं होतं. तिने ते हेडफोन न लावता, दिवा मालवल्यावर, फोन उशाशी ठेवून लावलं होतं. पलीकडच्या पलंगावरची कोरियन मुलगी झोपेतून उठून बसली आणि दाराकडे बघत म्हणाली, कुणीतरी वर येतंय.